लगाम की टाच? मॅकबेथ नक्की कशामुळे पडतो?

शेवटचा_अंक
परवा भाचीचा फोन आला. परीक्षेत हमखास येणारा प्रश्न आहे: 'अनिर्बंध महत्त्वाकांक्षा शोकनायकाला विनाशाकडे कशी नेते ते स्पष्ट करा.' तिनं उत्तर वाचून दाखवलं. पहिलंच वाक्य होतं, 'मॅकबेथच्या महत्त्वाकांक्षेला लगाम नव्हता, म्हणून त्याचा नाश झाला.' मी म्हटलं, छान आहे, लिही. फोन ठेवला आणि सहज म्हणून शेक्सपिअरचं नाटक काढलं. तेव्हापासून अस्वस्थ आहे.

पहिल्या अंकाचा सातवा प्रवेश बघा. राजा डंकन मॅकबेथच्या घरी पाहुणा आलाय, आत जेवणं चालली आहेत. मॅकबेथ पंगत सोडून एकटाच बाहेर येतो आणि स्वतःशी हिशेब मांडतो. हा माझा नातलग, माझा राजा, वर माझा पाहुणा. याच्यावर कुणी चालून आलं तर दार मी अडवायचं, सुरी मी कशी उचलू? शिवाय माणूस सज्जन. मग तो म्हणतो, माझ्या हेतूच्या घोड्याला मारायला माझ्याकडे टाचच नाही. आहे ती नुसती उडी घेणारी महत्त्वाकांक्षा, आणि ती खोगिरावर बसायच्या ऐवजी पलीकडे जाऊन पडते. थोड्याच वेळात बायकोला सरळ सांगतो, हा विषय इथेच संपला.

म्हणजे मूळ संहितेत लगाम नाही अशी तक्रारच नाहीये. टाच नाही अशी तक्रार आहे! लगाम तर त्यानं स्वतःच खेचलेला दिसतो. मग 'अनिर्बंध' कशाला म्हणायचं? की आपण सगळेच गाइडातलं वाक्य पिढ्यानपिढ्या घोकतोय?

गारगोटी
वाखुसा (वाचनखूण साठवली). निवांत प्रतिसाद देते.

खोगीरभरती
माझं नाव धाग्यात आल्याबद्दल आभार. पलीकडे पडण्यात माझा काही दोष नव्हता, हे नम्रपणे नमूद करतो.

मी_प्रेक्षक
हहपुवा (हसून हसून पुरेवाट) @खोगीरभरती

शेअंसाहेब (म्हणजे शेवटचा_अंक), उत्तर तुमच्याच प्रश्नात आहे. 'पलीकडे पडते' हे वाक्य संपतं न संपतं तोच लेडी मॅकबेथ रंगमंचावर येते. टाच नाही म्हणाला, टाच हजर! तीही काय, 'तू राजा हो' वगैरे मोठ्या गप्पा मारत नाही. तू पुरुष आहेस की नाहीस, एवढंच विचारते. जो माणूस रणांगणावर शत्रूला बेंबीपासून जबड्यापर्यंत उभा चिरतो, त्याला हा टोमणा सोसत नाही. माझ्या मते डंकनचा खून महत्त्वाकांक्षेपेक्षा भित्रा ठरण्याच्या धास्तीनं झाला.

उंबरठा
+१. शेवटी काय, बायकोनंच घात केला. आपल्याकडेही 'ध' चा 'मा' झालाच होता की.

गारगोटी
आलंच! वाटच बघत होते, किती प्रतिसादांत येतंय याची. चौथ्यात आलं.

उंबरठा, नारायणरावांचा खून ३० ऑगस्ट १७७३ ला झाला. मारेकरी गारदी, सत्तेची हाव रघुनाथरावांची. देहान्त प्रायश्चित्त सांगताना रामशास्त्र्यांनी बोट दाखवलं तेही रघुनाथरावांकडे. 'ध' चा 'मा' ही गोष्ट लोकप्रिय आहे, पण पुराव्यानं शाबीत झालेली नाही. तरी अडीचशे वर्षं शाळेतल्या पोराला आनंदीबाईचं नाव आधी आठवतं. पुरुषाची महत्त्वाकांक्षा फळली तर तो पराक्रमी, आणि फसली तर बायको कारस्थानी, असा हा सोयीस्कर हिशेब आहे.

उंबरठा
बरं बाई, शब्द मागे घेतो. पण रघुनाथराव शोकनायक होतात का, हे सांगा. अटकेपर्यंत गेलेला माणूस, शेवट सालबाईच्या तहानंतर महिना २५ हजारांच्या नेमणुकीवर. खाली येण्यात काही कसर नाही.

गारगोटी
खाली येणं पुरत नाही. आपण काय करतोय हे त्या माणसाला कळावं लागतं. मॅकबेथला आधी कळतं, करताना कळतं आणि नंतर तर सोडवतच नाही. राघोबादादांना रात्री काय वाटत होतं, ते आपल्यापर्यंत पोचलेलं नाही. ते इतिहासात आहेत, नाटकात नाहीत. (नाटकातही आहेत म्हणा, पण ती आपण लिहिलेली.)

चकवा
धागाकर्त्याशी असहमत. एका प्रवेशावर सगळी इमारत उभी केलीये. मागचं बघा.

चेटकिणी 'तू राजा होशील' म्हणतात तेव्हा मॅकबेथ दचकतो. शेजारी उभा असलेला त्याचा सोबती बँको विचारतो, अरे, एवढं गोड ऐकून दचकलास का? बँकोला पण भविष्य सांगितलंय, तो दचकत नाही. दचकतो कोण? ज्याच्या मनातलं दुसऱ्यानं बोलून दाखवलं तो. पुढे डंकन आपल्या मुलाला, माल्कमला, वारस जाहीर करतो. तिथेच मॅकबेथ ताऱ्यांना म्हणतो, तुमचे दिवे विझवा, माझ्या काळ्या इच्छा उजेडाला दिसू नयेत. त्या क्षणी बायको कित्येक मैल लांब आहे. आणि ज्या सातव्या प्रवेशाचा दाखला दिलाय, त्यातच ती सुनावते की हा विषय आधी काढलास तूच, आणि तेव्हा ना वेळ जुळली होती ना जागा.

तेव्हा पुरुषत्वाचा टोमणा वगैरे ठीक. पण पेटलेल्या चुलीतच फुंकर कामाला येते. गाइड बरोबर आहे. कंटाळवाणं आहे, पण बरोबर आहे.

शेवटचा_अंक
चकवा, बँकोचा मुद्दा सणसणीत. इच्छा त्याच्यात होती, हे मान्यच. माझा प्रश्न 'अनिर्बंध' या विशेषणापुरता आहे. इच्छा सगळ्यांनाच असते हो.

खोगीरभरती
मला नाही. मी खोगीर आहे.

आजोबा_६३
चर्चा वाचून आनंद झाला. थोडं जुनं काही.

आमचे एक प्राध्यापक 'शोकांतिका' हा शब्द वापरू देत नसत. 'शोकात्मिका' म्हणा म्हणत. शेवटी कुणी मेलं म्हणून शोक होत नाही, शोक सुरुवातीपासून आत मुरलेला असतो, असा त्यांचा आग्रह. तेव्हा शब्दच्छल वाटायचा. आता वाटतं, मॅकबेथच्या बाबतीत फरक पडतो. शेवटी सरदार मॅकडफ त्याचं मुंडकं आणतो, तेव्हा प्रेक्षकाला सुटल्यासारखंच वाटतं. डोळ्यात पाणी येतं ते आधी, खून करून आल्यावर तो सांगतो की आतली दोघं झोपेत देवाचं नाव घेत होती आणि माझ्या तोंडून 'आमेन' निघेना, घशात अडकलं, तिथे.

दुसरं असं की ॲरिस्टॉटलच्या 'हमार्तिया'चं (शोकनायक ज्यामुळे पडतो त्याचं) भाषांतर आपण 'स्वभावदोष' करून मोकळे होतो. मूळ शब्दाचं नातं नेम चुकण्याशी आहे. धनुर्धराचा बाण लक्ष्याला लागला नाही, तर तीही हमार्तियाच. म्हणून काही जण 'प्रमाद' म्हणतात, तो शब्द मला जवळचा वाटतो. स्वभावदोष म्हटलं की माणूस आधीच निकालात निघतो. प्रमाद म्हटलं की त्यानं केलेल्या एका कृत्याकडे बघावं लागतं. परीक्षेतला प्रश्न स्वभावदोष धरून काढलेला आहे, असं मला वाटतं.

मी_प्रेक्षक
आजोबा, दंडवत.

चकवा
आजोबांचा आदर राखून: मॅकबेथचा नेम कुठे चुकलाय? डंकनला मारायचं होतं, डंकन मेला. राजा व्हायचं होतं, झाला. ग्रीक नाटकातल्या ईडिपसचा प्रमाद समजतो, कुणाला मारतोय ते त्याला माहीत नव्हतं. इथे सगळं माहीत असून केलंय. ॲरिस्टॉटलच्या काव्यशास्त्राच्या तेराव्या प्रकरणातला नायक फार सज्जनही नसतो आणि दुष्टही नसतो, अज्ञानापोटी पडतो. त्या मापात मॅकबेथ बसवायला गेलं की कुठेतरी उसवतंच.

आणि महत्त्वाकांक्षा म्हणजे नाश हे समीकरणच मुळात धरून चालू नका. शेक्सपिअरच्याच काळातला नाटककार मार्लो, त्याचा तैमूर बघा. दोन भागांचं नाटक. हरलेल्या राजांना रथाला जुंपतो, शहरंच्या शहरं कापून काढतो, आणि शेवटी आजारी पडून मरतो. न हरता. नकाशा मागवून कुठलं जग जिंकायचं राहिलं ते बघत मरतो! याच्याइतकी अनिर्बंध महत्त्वाकांक्षा दुसऱ्या कुणाची नसेल. नाश कुठाय? एक ताप आला, एवढंच.

रात्रपाळी
सहसा नुसता वाचतो, आज लिहितोय.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे वरची एक जागा रिकामी झाली. दोघंच दावेदार, मी आणि माझा मित्र. मित्र माझ्याहून उजवा होता, हे मला माहीत होतं. एकदा साहेबांशी बोलताना मी त्याच्याबद्दल एक गोष्ट सांगितली. गोष्ट खरी होती. फक्त ती सांगायची काही गरज नव्हती, आणि मी ती जागा भरायच्या आदल्या आठवड्यात सांगितली. जागा मला मिळाली.

गाइडाप्रमाणे यानंतर माझा नाश व्हायला हवा होता. तसं काही झालं नाही, पगार वाढला. पण खोलीत शिरल्यावर दोन माणसं बोलता बोलता थांबली की ती माझ्याबद्दलच बोलत होती, असं वाटायला लागलं. मित्रानं कधी काही विचारलं नाही, तेच जास्त टोचायचं. त्याचं नाव असलेली कुठलीही फाइल मी दोनदा तपासायचो. वर्षभरात मी त्याची बदली दुसऱ्या विभागात करवून घेतली. कागदोपत्री सगळं व्यवस्थित. कारण एवढंच, की तो समोर नको होता.

ही बदली मला महत्त्वाकांक्षेनं करायला लावली नाही. मला हवं होतं ते मिळून वर्ष झालं होतं. तिसऱ्या अंकात मॅकबेथ म्हणतो ना, नुसतं राजा असण्यात काही नाही, सुखरूप राजा असायला हवं. ते वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं होतं.

गारगोटी
रात्रपाळी, हे लिहायला धीर लागतो.

शेवटचा_अंक
मी दोन दिवस जे चाचपडतोय ते यांनी पाच ओळींत सांगितलं. महत्त्वाकांक्षा दुसऱ्या अंकातच संपते. त्याला मुकुट मिळालेला आहे. पुढचे तीन अंक चालतात ते भीतीवर आणि जागरणावर.

चकवा
मित्राला मग कधी सांगितलंत का? @रात्रपाळी

रात्रपाळी
नाही.

तळटीप
उशिरा आलो. इतिहासाचा मुद्दा कुणीच काढला नाही, म्हणून.

खऱ्या मॅकबेथनं डंकनला झोपेत मारलं नाही. १०४० साली लढाईत मारलं. डंकन म्हातारा, पांढऱ्या केसांचा नव्हता, बऱ्यापैकी तरुण होता. स्कॉटलंडमध्ये तेव्हा गादी बापाकडून थेट मुलाकडे जायचीच असं नव्हतं, राजघराण्यातल्या दुसऱ्या शाखेचा माणूसही दावा सांगू शकत असे. मॅकबेथनं पुढे १७ वर्षं राज्य केलं, १०५७ पर्यंत. मधे १०५० मध्ये तो रोमच्या यात्रेला गेला आणि तिथे गरिबांना बी फेकावं तसे पैसे वाटले, अशी नोंद आहे. ज्याच्या बुडाखालची गादी हलत असते, तो राज्य सोडून इतक्या लांब जात नाही.

शेक्सपिअरला गोष्ट मिळाली होलिनशेडच्या बखरीतून. तिच्यात मॅकबेथ पहिली दहा वर्षं चांगला कारभार करतो, आणि बँको खुनाच्या कटात सामील असतो! शेक्सपिअरनं दहा वर्षं गाळली आणि बँकोला धुऊन स्वच्छ केलं. कारण तेव्हा इंग्लंडच्या गादीवर जेम्स होता, आणि तो स्वतःला बँकोचा वंशज समजायचा. १६०५ साली त्याला दारूगोळ्यानं उडवायचा कट उघडकीला आलेला, त्यानंतर लगेचचं हे नाटक. अशा वेळी राजाला मारणाऱ्याचं बरं झालं, असं दाखवायची कुणाची छाती होती? मार्लोचा तैमूर त्याच्या आधीचा, आणि परदेशातला. म्हणून सुटला.

चकवा
म्हणजे 'महत्त्वाकांक्षेनं नाश होतो' हा सिद्धान्त नसून सरकारी धोरण आहे. बहोत खूब.

तळटीप
तेवढं मी म्हटलं नाही. पण तुम्ही म्हटलंत ते खोडूनही काढणार नाही.

मी_प्रेक्षक
रच्याकने (रस्त्याच्या कडेने, म्हणजे जाता जाता), मराठीत या नाटकाची पाळंमुळं जुनी आहेत. शि. म. परांजप्यांचं 'मानाजीराव' यावरूनच. पुढे शिरवाडकरांचं 'राजमुकुट', १९५४. आणि वीर वामनराव जोशींनी १९१३ मध्ये आपल्या एका नाटकाचं नावच 'राक्षसी महत्त्वाकांक्षा' ठेवून परीक्षकांचं काम हलकं करून टाकलं होतं.

खोगीरभरती
म्हणजे उत्तर मुखपृष्ठावरच. असे नाटककार आता होत नाहीत.

विंगेतला
मी अभ्यासक नाही, हौशी नाटकांत प्रकाशयोजना आणि सामान सांभाळतो. एका गटाबरोबर मॅकबेथचे तीन प्रयोग केले होते, त्यातली गोष्ट सांगतो.

मेजवानीचा प्रवेश. बँकोचं भूत येऊन मॅकबेथच्या जागेवर बसतं, फक्त त्यालाच दिसतं. आमच्या दिग्दर्शकानं भूत प्रत्यक्ष दाखवायचं ठरवलं होतं. बँकोचं काम करणारा अर्धा तास आरशापुढे बसून चेहऱ्यावर रक्त काढून घ्यायचा. पहिल्याच प्रयोगात तो विंगेतून निघाला आणि त्याचा झगा फ्लॅटच्या (देखाव्याच्या चौकटीच्या) मागच्या खिळ्यात अडकला. मी ओढतोय, तो ओढतोय, कापड जाड, फाटेना. इकडे लाल झोत मोकळ्या स्टुलावर पडलेला, माझाच, मीच लावून आलो होतो.

मॅकबेथ वळला. सरदार म्हणतात, महाराज, बसा. वाक्य आहे, 'जागा भरलेली आहे.' त्यानं रिकाम्या स्टुलाकडे बघितलं. मला वाटलं आता अडखळणार. तो काही बोललाच नाही, किती वेळ कोण जाणे. मग हळूच, तक्रार केल्यासारखं म्हणाला, 'जागा भरलेली आहे.' आणि पाठ स्टुलाकडे न करता मागे मागे सरकत गेला. प्रेक्षागृहात खोकलासुद्धा नाही. विंगेत आम्ही दोघं झगा हातात धरून गप्प.

पुढच्या दोन्ही प्रयोगांत दिग्दर्शकानं स्टूल रिकामंच ठेवलं. बँकोवाला भयंकर चिडला, त्याचा सगळ्यात मोठा प्रवेश गेला ना. त्यानं मला खूप दिवस धरलं होतं, की खिळा तूच ठोकला असशील.

मला त्या दिवशी कळलं ते इतकंच, की या माणसाला खाली ओढायला बाहेरचं कुणी लागत नाही. समोर रिकामं स्टूल असलं तरी भागतं.

मी_प्रेक्षक
या नाटकातला खरा शोकनायक बँकोवाला.

चकवा
खिळा तुम्हीच ठोकला होता का पण? @विंगेतला

विंगेतला
ठोकला मीच होता. झगा अडकावा म्हणून नव्हे.

गारगोटी
विंगेतला, अप्रतिम. तुमच्या स्टुलावरून परत टाचेकडे येते, कारण मला वाटतं उत्तर या प्रवेशाच्या थोडं आधी आहे.

बँकोला मारायचं ठरतं तेव्हा लेडी मॅकबेथला पत्ताच नसतो. ती विचारते, काय करायचं ठरवलंयस? तो लाडानं म्हणतो, तुला माहीत नसलेलंच बरं, झाल्यावर शाबासकी दे. पहिल्या खुनाला टाच लागली होती, दुसऱ्याला मागितलीसुद्धा नाही. तिसरा तर मॅकडफच्या बायकोमुलांचा. त्याचा काही उपयोगही नाही, मॅकडफ केव्हाच इंग्लंडला निसटलाय. तिथे मॅकबेथ काय म्हणतो? यापुढे मनात येईल ते हातानं लगेच करायचं, मधे विचार नको.

ज्या माणसानं पहिल्या अंकात पंगत सोडून पानभर विचार केला, तो चौथ्या अंकात विचारालाच रजा देतो. शेअं, तुमचा लगाम इथे सुटतो. सुटत नाही, तोच फेकून देतो. आणि टाच मारणारी? ती पाचव्या अंकात झोपेत चालते आहे, हात चोळते आहे. जिनं 'थोडं पाणी पुरेल' म्हटलं होतं, तिला हाताचा वास जाईना. बाकी नाटकात ती पद्यात बोलते, इथे तुटक गद्यात. बाजूला वैद्य उभा राहून तिचं बोलणं लिहून घेतोय. तिला टाच म्हणून वापरलं आणि मग घोडा एकटाच निघून गेला.

चकवा
हे मान्य. म्हणजे 'अनिर्बंध महत्त्वाकांक्षेनं नाश झाला' हे वाक्य उलटं आहे. पहिलं पाऊल महत्त्वाकांक्षेचं, पण निर्बंधासकट. निर्बंध गेले तेव्हा महत्त्वाकांक्षा उरलीच नव्हती.

आजोबा_६३
चकवा सहमत झाले, ही तारीख लिहून ठेवावी.

उंबरठा
मी अजून 'ध' वरच आहे.

तळटीप
एक बारीक दुरुस्ती. गारगोटी, ती 'बाकी नाटकात' पद्यात बोलते हे पूर्ण खरं नाही. पहिल्यांदा येते ती नवऱ्याचं पत्र वाचत, आणि ते पत्र गद्यात आहे.

गारगोटी
ते शब्द नवऱ्याचे आहेत, तळटीपराव. 'थोरपणातली माझी लाडकी भागीदार' असं लिहितो तिला. चौथा अंक येईपर्यंत भागीदारी केव्हाच मोडलेली असते.

तळटीप
हे बरोबर. आपली दुरुस्ती मागे.

शेवटचा_अंक
सगळ्यांचे आभार. काल रात्री भाचीला हा सगळा धागा वाचून दाखवला. टाच, लगाम, प्रमाद, दहा वर्षं गाळलेली बखर, रिकामं स्टूल. रात्रपाळींचं नाव न घेता त्यांचीही गोष्ट सांगितली. तिनं शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, 'मामा, प्रश्न सहा मार्कांचा आहे.'

मी म्हटलं, मग गाइडातलंच लिही.

ती म्हणाली, 'पहिलं वाक्य तेच ठेवते. फक्त लगाम नव्हता खोडून, होता असं करते.'

खोगीरभरती
किती मार्क पडले ते नक्की कळवा. तोवर मी इथेच आहे, घोड्यावर.